शब्दाचा धनी : विधानसभेतील बहुमत आणि प्रतिनिधीचे बंधन

महाराष्ट्राच्या विधानसभेत २८८ सदस्य बसतात आणि ज्याच्या मागे १४५ जण उभे राहतात त्याचे सरकार होते. सत्तेचा प्रश्न राज्यघटनेने इतक्या साध्या गणितावर आणून सोडला आहे. हे १४५ निवडणुकीआधी जमले की निकालानंतर, मतदाराला सांगून जमले की त्याच्या नकळत, याची चौकशी घटनेचा १६४ वा अनुच्छेद करत नाही. मंत्रिमंडळ विधानसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार असेल, एवढेच तो याबाबत सांगतो. उरतो तो नीतीचा प्रश्न. निवडून आलेला माणूस नेमका कोणाशी बांधलेला असतो? ज्यांनी मत दिले त्यांच्याशी, ज्याने तिकीट दिले त्या पक्षाशी, ज्याची शपथ घेतली त्या संविधानाशी, की स्वतःच्या मनाशी आणि तो मानत असेल त्या देवाशी? आणि हे बंधन सोडवायचे झालेच तर ते कोणी सोडवायचे? भारतीय धर्मविचाराने हा प्रश्न शपथ, वचन आणि ऋण या नावांनी फार पूर्वीपासून हाताळलेला आहे. विधिमंडळाच्या राजकारणात तो एकेकाळी पाच वर्षांनी डोके वर काढायचा. अलीकडे मुदतीची वाट पाहत नाही.

रायगड जिल्ह्यातला पनवेल हा विधानसभेचा १८८ क्रमांकाचा मतदारसंघ या प्रश्नाचा एक चांगला नमुना आहे. जुने पनवेल, सिडकोने वसवलेली नवीन पनवेल, कळंबोली, कामोठे, खारघर ही नगरे, तळोज्याची कारखानदारी आणि भोवतालची आगरी, कोळी, कराडी वस्तीची गावे, असा त्याचा पसारा आहे. अनेक दशके हा शेतकरी कामगार पक्षाचा बालेकिल्ला होता. दि. बा. पाटील शेकापच्या तिकिटावर पाच वेळा आमदार झाले. २००९ मध्ये काँग्रेसचे प्रशांत ठाकूर यांनी शेकापच्या बाळाराम पाटील यांचा पराभव केला. २०१४ मध्ये लढत त्याच दोघांत झाली, फक्त ठाकूर आता भाजपचे उमेदवार होते. दोन्ही वेळचे मताधिक्य १३ हजारांच्या आसपास. पुढे २०१९ मध्येही ठाकूरच निवडून आले आणि २०२४ मध्ये त्यांना १,८३,९३१, तर पुन्हा समोर आलेल्या बाळाराम पाटील यांना १,३२,८४० मते पडली. प्रशांत ठाकूर यांचे वडील रामशेठ ठाकूर १९९८ आणि १९९९ मध्ये शेकापचे खासदार म्हणून कुलाब्यातून लोकसभेवर गेले होते. नंतर ते काँग्रेसमध्ये आणि पुढे भाजपमध्ये गेले.

या मतदाराने काय निवडले, माणूस की पक्ष? मतदान केंद्रावर बटण दाबल्यावर व्हीव्हीपॅटच्या काचेमागे एक चिठ्ठी सात सेकंद दिसते. तिच्यावर अनुक्रमांक, उमेदवाराचे नाव आणि चिन्ह एकत्रच छापलेले असते, आणि मग ती कापली जाऊन पेटीत पडते. मतदाराने नावाला मत दिले की चिन्हाला, हे चिठ्ठी सांगत नाही आणि कायदा विचारत नाही. पनवेलच्या दोन निकालांवरून तिथे नावाचे वजन जास्त ठरले असे म्हणता येईल. राज्यातल्या इतर कित्येक ठिकाणी याच्या उलट अनुभव आहे. चिन्ह गेले की दिग्गजही घरी बसतो. या संदिग्धतेचा फायदा दोन्ही बाजू उठवतात. पक्ष सोडणारा म्हणतो लोकांनी मला निवडले. पक्ष म्हणतो आमच्या चिन्हावर आलास. दोघांचेही म्हणणे अर्धे खरे आहे आणि म्हणूनच वाद मिटत नाही.

पनवेलच्या बाबतीत एक गोष्ट मात्र नोंदण्यासारखी आहे. इथे चिन्ह बदलले ते सार्वत्रिक निवडणुकीच्या तोंडावर, आणि बदललेले चिन्ह घेऊन उमेदवार मतदारासमोर उभा राहिला. निवड आवडो न आवडो, विचारणा झाली. पुढे येणाऱ्या उदाहरणांतला सगळा फरक या एका विचारणेचा आहे.

बहुमत म्हणजे लोकांचे बहुमत, हे समीकरणही तपासून घ्यायला हवे. २०२४ मध्ये पनवेलच्या मतदार यादीत साडेसहा लाखांच्या घरात नावे होती. मुंबईतल्या वडाळ्यात ती दोन लाखांच्या थोडी वर होती. दोन्ही ठिकाणांहून सभागृहात एकेकच हात वर होतो. मतदारसंघांच्या सीमा २००१ च्या जनगणनेवर बेतलेल्या आहेत आणि त्यानंतर खारघर-कामोठ्याच्या बाजूला केवढी वस्ती वाढली हे लोकलने प्रवास करणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. १४५ हा आकडा जागांचा आहे. त्याला नैतिक वजन येते ते लोकांनी ही मोजणीची पद्धत मान्य केली आहे म्हणून. आकड्याच्या अंगी स्वतःची अशी पवित्रता नाही.

निवडून आल्यावर सदस्य पहिले काम करतो ते शपथ घेण्याचे. ही तरतूद घटनेच्या १८८ व्या अनुच्छेदात आहे. पनवेलचा क्रमांकही तोच हा निव्वळ योगायोग. शपथ ईश्वरसाक्ष घेता येते किंवा ईश्वराचे नाव न घेता गांभीर्यपूर्वक दृढकथन करता येते. देव मानणारा आणि न मानणारा, दोघांनाही ती सारखीच बांधते. तिचा मजकूर तिसऱ्या परिशिष्टात आहे आणि तो वाचण्यासारखा आहे. संविधानाबद्दल खरी श्रद्धा व निष्ठा, देशाची सार्वभौमता व एकात्मता, आणि हाती घेतलेले कर्तव्य निष्ठेने पार पाडणे, इतकेच त्यात येते. पक्षाचे नाव नाही, जाहीरनाम्याचा उल्लेख नाही, मतदारसंघाचाही नाही. किंबहुना १९८५ पर्यंत राजकीय पक्ष ही गोष्टच घटनेच्या हिशेबात नव्हती. ५२ व्या दुरुस्तीने दहावे परिशिष्ट जोडले तेव्हा ती आली. म्हणजे सदस्य शपथ घेतो एकाची आणि सदस्यत्व गमावतो दुसऱ्याशी बेइमानी केली म्हणून. ही फट कायद्याने बुजवलेली नाही.

इंग्लंडमध्ये एडमंड बर्कने १७७४ साली ब्रिस्टलच्या मतदारांना सुनावले होते की प्रतिनिधी त्यांना स्वतःचा विवेक देणे लागतो, आज्ञाधारकपणा नव्हे. भारतात पक्ष सोडणारे पुष्कळदा नकळत बर्कचाच युक्तिवाद करतात. मराठी मनाला मात्र तुकाराम जवळचे. खरे-खोटे ठरवताना आपण मनाची साक्ष काढली, बहुतांचे मत प्रमाण मानले नाही, असे तुकोबा एका अभंगात निक्षून सांगतात. सद्सद्विवेकाचा कौल मानून पक्षाबाहेर पडलो, असे म्हणणाऱ्याला यापेक्षा मोठा आधार कुठला? पण हा आधार जपून घ्यावा लागतो. तुकोबांनी इंद्रायणीत वह्या बुडवल्या त्या स्वतःच्या होत्या. मनाची साक्ष काढताना त्यांनी जे पणाला लावले तेही स्वतःचेच. आमदार सभागृहात हात वर करतो तो लाख-दीड लाख लोकांचा उसना घेतलेला हात असतो. एकट्याच्या विवेकाने एकट्याचे आयुष्य चालवता येते. दुसऱ्याने विश्वासाने दिलेली वस्तू परस्पर तिसऱ्याला देण्याचा अधिकार त्या विवेकातून येत नाही.

पनवेलला लागून असलेल्या पेण तालुक्यातल्या गागोद्यात जन्मलेल्या विनोबांना तर बहुमताची कल्पनाच मान्य नव्हती. पाचांच्या मुखातून परमेश्वर बोलतो अशी जुनी श्रद्धा होती, आता तीन विरुद्ध दोन झाले की तिघांच्या मुखातून परमेश्वर बोलला असे धरून चालतात, अशी त्यांची टीका होती. एक्कावन्नाने एकोणपन्नासांवर राज्य करणे त्यांना हिंसेचाच प्रकार वाटे आणि ग्रामदानाच्या गावांत त्यांनी सर्वसंमतीचा आग्रह धरला. शंभर उंबऱ्यांच्या गावात ते जमेल. साडेसहा लाख मतदारांच्या पनवेलमध्ये सर्वसंमतीची वाट पाहत बसले तर गटाराचे कामही निघणार नाही. विनोबांची टीका पर्याय म्हणून टिकत नाही; इशारा म्हणून ती टिकते.

बहुमत आणि धर्म यांचा सर्वांत बारकाईने विचार केला तो बौद्ध भिक्षुसंघाने. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याची आठवण दिली होती. आसनव्यवस्था, ठराव, गणपूर्ती, प्रतोद, मतमोजणी, गुप्त मतदान हे सगळे भिक्षुसंघांना ठाऊक होते आणि बुद्धाने ते त्या काळच्या राजकीय सभांच्या नियमांवरून घेतले असावे, असे त्यांचे प्रतिपादन होते. विनयपिटकातल्या चुल्लवग्गात या मतदानाचे वर्णन मिळते. वाद आपसांत मिटला नाही की ‘शलाका’ म्हणजे काड्या वाटल्या जात. वाटणाऱ्याची निवड संघ करी आणि त्याच्या अंगी पाच गुण हवेत असा नियम होता: त्याने आवडीने, द्वेषाने, मोहाने किंवा भीतीने वाहवत जाऊ नये आणि कोणाची काडी घेतली, कोणाची राहिली, हे त्याला नीट कळावे. मत तीन प्रकारे घेता येई: उघड, कानात सांगून, किंवा गुप्तपणे. गुप्त पद्धतीत तो वेगवेगळ्या रंगांच्या काड्या घेऊन एकेका भिक्षूकडे जाई, ही अमक्या मताची, ही तमक्या मताची, हवी ती घे, कोणाला दाखवू नकोस, असे सांगे.

इथपर्यंत सगळे ओळखीचे आहे. पुढचा नियम मात्र आधुनिक वाचकाला दचकवतो. काड्या मोजल्यावर अधर्माचे बोलणाऱ्यांची संख्या जास्त भरली, तर मत चुकीचे घेतले गेले असे म्हणून ते रद्द करावे, असे हा ग्रंथ सांगतो. मत घेतल्याने संघ फुटणार असेल तर ते घेऊच नये, असेही सांगतो. संघाला बहुमत हवे होते ते धर्माला पोचण्याची एक वाट म्हणून. वाट चुकली तर मोजणी बाजूला ठेवायची.

हा नियम विधानसभेला लावता येणार नाही, कारण अधर्म कोणता हे ठरवणारा शलाका-वाटप्या आज सापडायचा कुठे? त्याच्या सर्वांत जवळ जाणारे पद अध्यक्षांचे. पक्षांतराच्या तक्रारींचा निवाडा दहाव्या परिशिष्टाने त्यांच्याकडेच सोपवला आहे. पण अध्यक्ष निवडून येतात बहुधा सत्ताधारी पक्षाच्या तिकिटावर आणि त्याच सभागृहाच्या बहुमताने. आवड, द्वेष, मोह, भीती यांपैकी एकही आड येऊ नये अशी अपेक्षा त्यांच्याकडून करणे कठीण आहे, मग ते कोणत्याही पक्षाचे असोत. मणिपूरच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये, हे काम स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे द्यावे का याचा संसदेने विचार करावा, असे सुचवले. संसदेने तो अजून मनावर घेतलेला नाही.

बहुमत नसलेल्या सरकारने केलेले योग्य काम योग्य राहते का? पनवेलच्या उंबरठ्यावर या प्रश्नाने एकदा गमतीदार रूप घेतले. नवी मुंबई विमानतळाला दि. बा. पाटलांचे नाव द्यावे यासाठी प्रकल्पग्रस्तांनी २०२१ मध्ये बेलापूरला सिडको भवनावर प्रचंड मोर्चा नेला होता. २९ जून २०२२ रोजी उद्धव ठाकरे यांच्या मंत्रिमंडळाने ते नाव मंजूर केले. तोवर शिवसेनेतून बंड केलेले एकनाथ शिंदे आणि त्यांचे सहकारी सुरतमार्गे गुवाहाटीत पोचले होते, राज्यपालांनी बहुमत सिद्ध करण्यास सांगितले होते, आणि त्याच रात्री ठाकरे यांनी राजीनामा दिला. शिंदे यांच्या नव्या सरकारने, ज्यात तेव्हा मुख्यमंत्री आणि उपमुख्यमंत्री असे दोघेच होते, १६ जुलै रोजी तोच निर्णय नव्याने घेतला. बहुमत सिद्ध करण्याची सूचना आल्यावर घेतलेला आधीचा निर्णय वैध नव्हता, हे कारण देण्यात आले. नाव तेच, माणूस तोच, मागणी करणारी गावे तीच. मधल्या सतरा दिवसांत बदलले ते फक्त सभागृहातली डोकी मोजण्याचे उत्तर. हा व्याप हास्यास्पद वाटेल, पण त्यात तथ्य आहे. निर्णय चांगला असणे आणि तो घेण्याचा अधिकार असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अधिकार संख्येतून येतो, चांगुलपणा येत नाही.

महाराष्ट्रात सभागृहाचा ताबा निवडणुकीविना बदलण्याची परंपरा जुनी आहे. १८ जुलै १९७८ रोजी शरद पवार वसंतदादा पाटलांच्या सरकारमधून बाहेर पडून पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) आघाडीचे मुख्यमंत्री झाले. ‘पाठीत खंजीर’ हा शब्दप्रयोग मराठी राजकारणाला तेव्हा चिकटला तो सुटलेला नाही. त्या सरकारात शेकापही होता, एन. डी. पाटील आणि गणपतराव देशमुख मंत्री होते. ज्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल विरोधकांनीही कधी शंका घेतली नाही अशी ही माणसे. तेव्हा सत्तांतराच्या प्रत्येक सहभागीला एकाच मापाने मोजता येत नाही.

२०१९ चे उदाहरण जास्त नाजूक आहे. भाजप आणि शिवसेना यांनी युती म्हणून मते मागितली. १०५ आणि ५६ मिळून १६१ जागा, म्हणजे स्पष्ट बहुमत. ते सरकार झालेच नाही. मुख्यमंत्रिपदावरून युती तुटली. २३ नोव्हेंबरला पहाटेचा शपथविधी झाला, सर्वोच्च न्यायालयाने खुल्या मतदानाने बहुमत अजमावण्याचा आदेश दिला, देवेंद्र फडणवीस आणि अजित पवार यांनी राजीनामे दिले आणि ३० नोव्हेंबरला शिवसेना, राष्ट्रवादी आणि काँग्रेस यांच्या सरकारने १६९ मतांनी विश्वास मिळवला. या सगळ्यात एकाही आमदाराने आपला पक्ष बदलला नव्हता. पक्षांतरबंदी कायद्याचे काहीच मोडले नाही. मतदाराला दाखवलेली जोडी मात्र मोडली, आणि पहाटे जी नवी जोडी जमवण्याचा प्रयत्न झाला तीही त्याने पाहिलेली नव्हती. शब्द कोणी आधी मोडला यावर दोन्ही पक्ष आजही भांडतात. ज्याला शब्द दिला होता त्याला कोणीच विचारले नाही, याबद्दल भांडण नाही.

जून २०२२ मधल्या बंडाने धर्माचे नाव उघडच घेतले. काँग्रेस-राष्ट्रवादीशी सोबत करून हिंदुत्व आणि बाळासाहेबांचा विचार सोडला, हा शिंदे गटाचा आरोप. ज्या पक्षाने सर्व काही दिले त्याच्याशी द्रोह केला, हा ठाकरे गटाचा. गुवाहाटीतला मुक्काम संपवताना शिंदे यांनी कामाख्या देवीचे दर्शनही घेतले. ४ जुलैला १६४ विरुद्ध ९९ मतांनी विश्वासदर्शक ठराव झाला. ११ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावणे समर्थनीय नव्हते, प्रतोद नेमण्याचा अधिकार विधिमंडळ गटाचा नसून राजकीय पक्षाचा आहे, असे सांगितले. पण ठाकरे यांनी चाचणीला सामोरे न जाताच राजीनामा दिल्याने जुने सरकार परत आणता येत नाही, असाही निर्णय दिला. बंडानंतर एका वर्षाने, २ जुलै २०२३ रोजी, राष्ट्रवादी काँग्रेसही त्याच वळणाने गेली.

दोन्ही बाजू स्वतःला धर्माच्या बाजूच्या म्हणवतात तेव्हा काय करायचे, यावरही भिक्षुसंघाकडे नियम होता. एका बाजूला चार, दुसऱ्या बाजूला चार आणि काड्या वाटून फूट जाहीर करणारा नववा, इतके जमले तरच तो ‘संघभेद’. त्याहून कमी असतील तर ती नुसती कुरबुर. संघभेद हे सर्वांत घोर पापांपैकी एक मानले गेले. पण त्यातही हेतू पाहिला जाई. आपण सांगतो तो अधर्म आहे हे जाणून फूट पाडणारा वेगळा आणि तोच धर्म आहे अशा प्रामाणिक समजुतीने फुटणारा वेगळा; दुसऱ्याची गती तितकी वाईट नाही.

दहाव्या परिशिष्टाने संख्या घेतली, हेतू सोडला. १९८५ मध्ये एक-तृतीयांश सदस्य फुटले तर ती वैध फूट आणि दोन-तृतीयांश दुसऱ्या पक्षात गेले तर ते वैध विलीनीकरण ठरले. २००३ च्या ९१ व्या दुरुस्तीने एक-तृतीयांशाची सूट काढली, दोन-तृतीयांशाची ठेवली. पक्षादेशाने सदस्याच्या विवेकाची गळचेपी होते हा आक्षेप ‘किहोतो होलोहन’ खटल्यात घेतला गेला होता. १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने फेटाळला. हेतू न्यायालयात सिद्ध करता येत नाही हे खरेच आहे. परिणाम मात्र असा की एकटा, खरोखर तत्त्वासाठी बाहेर पडणारा आमदार घरी जातो आणि पुरेसा घोळका जमवणारा मंत्री होतो.

धर्म आणि आकडा यांची गाठ सर्वांत स्पष्टपणे पडली ती गोव्यात. २०१९ मध्ये काँग्रेसच्या १५ पैकी १० आमदारांनी भाजपची वाट धरली होती. त्यामुळे २२ जानेवारी २०२२ रोजी, निवडणुकीआधी, काँग्रेसने आपल्या उमेदवारांना पणजीच्या महालक्ष्मी मंदिरात, बांबोळीच्या क्रुसासमोर आणि बेतीच्या दर्ग्यात नेले आणि निवडून आल्यावर पक्ष सोडणार नाही अशी शपथ तिन्ही ठिकाणी घेववली. ११ जण निवडून आले. १४ सप्टेंबर २०२२ रोजी त्यांतले आठ, म्हणजे दोन-तृतीयांशाला लागतात नेमके तेवढे, भाजपमध्ये गेले. माजी मुख्यमंत्री दिगंबर कामत यांना शपथेबद्दल विचारले असता, आपण पुन्हा देवळात जाऊन देवाला विचारले आणि तुला योग्य वाटेल ते कर असे उत्तर मिळाले, असे त्यांनी सांगितले.

या उत्तराची थट्टा खूप झाली, पण ते धर्मशास्त्राच्या दृष्टीने तपासून पाहण्यासारखे आहे. कोकणात आणि गोव्यात देवाला कौल लावण्याची रीत आजही आहे. मूर्तीवर ओल्या पाकळ्या किंवा कळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणे घालायचे, आणि उजवीकडची पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. हा कौल गावाच्या देखत, गुरवाच्या तोंडून, ठरल्या शब्दांत मागितला जातो. एकट्याने आणलेले उत्तर हा त्या एकट्याचा अनुभव. गावाला तो बांधत नाही. त्याहून मोठी अडचण पुढे आहे. नवस देवाला बोललेला असतो, तो फेडता आला नाही तर देवाची क्षमा मागता येते. उमेदवारांनी घेतलेली शपथ देवासमोर होती, देवाला दिलेली नव्हती. शब्द मतदाराला दिला होता आणि देव साक्षीला होता. याज्ञवल्क्य स्मृतीच्या व्यवहाराध्यायात लेख, भोग आणि साक्षीदार ही पुराव्याची साधने सांगितली आहेत. साक्षीदाराचे काम व्यवहार झाला होता हे सांगण्याचे. कर्ज माफ करणे त्याच्या हातात नसते. ते धनकोच्या हातात. मग तो साक्षीदार प्रत्यक्ष महालक्ष्मी असली तरी.

याच कसोटीवर बाकीचे दावेही तपासता येतात. पक्षश्रेष्ठींनी मोकळीक दिली, म्हणून शब्द सुटत नाही. त्यांनाही मतदारानेच मोठे केले. दोन-तृतीयांश सोबत होते, म्हणूनही नाही. दहा ऋणकोंनी एकत्र बसून आपले कर्ज बुडीत ठरवले तर ते फिटत नाही. मनाने सांगितले, हे सर्वांत आदरणीय कारण. ते पक्ष सोडायला पुरेसे आहे, जागा ठेवायला पुरेसे नाही.

धनकोकडे परत जाण्याची उदाहरणे मराठी मुलखात आहेत. नारायण राणे यांनी २००५ मध्ये शिवसेना सोडली, आमदारकीचा राजीनामा दिला आणि मालवणची पोटनिवडणूक काँग्रेसच्या चिन्हावर लढवून जिंकली. सीमाभागातल्या कागवाडचे श्रीमंत पाटील आणि अथणी, गोकाकचे आमदार २०१९ मध्ये कर्नाटकात अपात्र ठरले. सभागृहाची मुदत संपेपर्यंत त्यांना निवडणूक लढवता येणार नाही हा अध्यक्षांचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला आणि डिसेंबरमध्ये तिघेही भाजपकडून पुन्हा निवडून आले. साताऱ्यात उलटे घडले. उदयनराजे भोसले यांनी २०१९ मध्ये राष्ट्रवादीची खासदारकी सोडून भाजपकडून पोटनिवडणूक लढवली आणि ते श्रीनिवास पाटील यांच्याकडून हरले. मालवणने मोकळे केले, साताऱ्याने केले नाही. दोन्ही ठिकाणी ज्याचा अधिकार होता त्याने तो वापरला, आणि हरलेल्यालाही नंतर तोंड लपवावे लागले नाही.

सभागृहाचा ताबा ज्यांच्याकडे नाही त्यांच्या बंधनाचे काय, हा प्रश्न सहसा विसरला जातो. १९७२ च्या निवडणुकीत २७० पैकी २२२ जागा काँग्रेसला मिळाल्या. शेकापचे जेमतेम सात. तरी विरोधी पक्षनेता शेकापचा होता, आणि तो पनवेलचा होता: दि. बा. पाटील. सरकार पाडण्याची कसलीही शक्यता नसलेल्या माणसाला शब्द पाळण्यासाठी एकच साधन उरते, बोलत राहणे. आणि सभागृहात ऐकले गेले नाही तर बाहेर. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरातल्या शेतकरी आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण मारले गेले. सिडकोने घेतलेल्या जमिनीच्या मोबदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याची योजना त्या लढ्यातून आली. ती मिळवणाऱ्यांच्या मागे १४५ कधीच नव्हते. नोव्हेंबर २०२४ च्या निकालाने महायुतीला २३० जागा दिल्या. विरोधकांत सर्वांत मोठ्या पक्षाला २० मिळाल्या. विरोधी पक्षनेतेपदासाठी सभागृहाच्या एक-दशांश म्हणजे २९ जागा लागतात, या संकेतावर बोट ठेवून पद कोणालाच मिळाले नाही. सातांवर मिळालेले पद विसांवर मिळू नये, यातून संकेत कोणाच्या सोयीने कठोर होतात ते दिसते. शेकापची या सभागृहात एकच जागा आहे, सांगोल्याची.

घटनेत या सगळ्यावरचा उपाय अर्धा लिहून ठेवलेला आहे. ९१ व्या दुरुस्तीने १६४ व्या अनुच्छेदात असे घातले की पक्षांतरामुळे अपात्र ठरलेला सदस्य त्या सभागृहाची मुदत संपेपर्यंत किंवा पुन्हा निवडून येईपर्यंत मंत्री होऊ शकत नाही. दोषातून मोकळे करण्याचा अधिकार मतदाराचा, हे तत्त्व म्हणजे मान्य झालेले आहे. ते लागू होते फक्त अपात्र ठरलेल्याला. विलीनीकरणाच्या आडोशाने गेलेला कधी अपात्र ठरतच नाही, त्यामुळे त्याला मतदाराच्या दारात मध्येच जावे लागत नाही. दहाव्या परिशिष्टाचा चौथा परिच्छेद बदलून ही सूट काढता येईल आणि पक्ष बदलणाऱ्याने जागा सोडून पुन्हा निवडून यावे अशी सरळ अट घालता येईल. ती घालण्यासाठी संसदेत उपस्थित राहून मतदान करणाऱ्या सदस्यांचे दोन-तृतीयांश बहुमत लागते, आणि ज्यांनी ते द्यायचे त्या मोठ्या पक्षांपैकी कोणी ना कोणी कुठल्या ना कुठल्या राज्यात याच सुटीचा लाभ घेतलेला आहे.